चौथा टॅब उघडला की लॅपटॉप बसतो: एसएसडी घेऊ, रॅम घेऊ की दोन्ही?

देवगडकरीण
नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात ऑनलाइन अर्ज आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. सातबारा काढणं, पीएम किसानची ई-केवायसी, आंबा-काजूच्या फळपीक विम्याचे अर्ज, पॅन, वीजबिलं अशी कामं. लॅपटॉप बजेटमधला आणि जुना: आय३-७०२०यू, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सोबत थम मशीन (अंगठ्याचा ठसा घेणारं), प्रिंटर आणि स्कॅनर जोडलेले असतात.

बटण दाबल्यापासून क्रोम हाताला लागेपर्यंत सात-आठ मिनिटं जातात. चौथा-पाचवा टॅब उघडला की बाण जागेवर थिजतो. पोर्टलवर कागद चढवेपर्यंत सेशन संपतं आणि समोर गिऱ्हाईक बसलेलं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००%, मेमरी ९०%च्या आसपास, सीपीयू ३०-४०%. टेम्प फाइली काढल्या, डिस्क क्लीनअप केलं, काडीचा फरक नाही. दुकानदार म्हणतात फॉरमॅट मारून देतो.

बजेट पाच हजार, त्यापुढे जमणार नाही. आधी काय घेऊ, एसएसडी (न फिरणारी, चिपांची डिस्क) की रॅम? आणि विम्याच्या अर्जांची गर्दी सुरू व्हायच्या आत उरकायचं आहे, म्हणजे दुकान एखादाच दिवस बंद ठेवता येईल.

चिरेखाण
ताई, तुम्ही दिलेल्या आकड्यांत अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं असं काढा. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम), परफॉर्मन्समध्ये डिस्कवर टिचकी मारा. तिथे खाली दोन गोष्टी दिसतात: रीड-राइटचा वेग आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम. डिस्क १००% असताना वेग सेकंदाला १-२ एमबीच असेल आणि रिस्पॉन्स टाइम शेकडो मिलिसेकंद असेल, तर हार्ड डिस्कच तुमचा गळा दाबून बसली आहे. १००% म्हणजे डिस्क खूप काम करतेय असं नव्हे. ती सतत व्यग्र आहे, एवढाच त्याचा अर्थ.

कारण साधं आहे. बजेट लॅपटॉपमधली डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्यांची असते. एक फेरी व्हायला साधारण ११ मिलिसेकंद लागतात, म्हणजे हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी साडेपाच. त्यात डोकं योग्य पट्टीवर सरकायला आणखी १०-१२. म्हणजे सेकंदाला जेमतेम ६०-७० वेगवेगळ्या जागा वाचून होतात. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून मागते. तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला ३०० केबीसुद्धा होत नाही. सलग मोठी फाइल वाचताना हीच डिस्क ८०-१०० एमबी देते, म्हणून पिक्चर कॉपी करताना ती ठीक वाटते आणि विंडोज चालवताना रडते. एसएसडीत काही फिरत नाही. अगदी स्वस्तातली साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारो तुकडे उचलते.

आता मेमरीचं. ४ जीबी भरली की विंडोज जास्तीचा माल पेजफाइलमध्ये ढकलते, आणि ती पेजफाइल त्याच हार्ड डिस्कवर. चौथ्या टॅबला बाण थिजतो तो इथे. म्हणून क्रम असा: आधी एसएसडी, मग रॅम. नुसती रॅम वाढवली तर टॅबचा त्रास कमी होईल, पण सकाळची सात मिनिटं आणि प्रत्येक अपडेटनंतरचं रखडणं तसंच राहील. नुसती एसएसडी टाकली तर दोन्ही त्रास बरेच उतरतात.

फॉरमॅटचं म्हणाल तर त्याच डिस्कवर फॉरमॅट मारून दोन-तीन महिने बरं वाटतं, मग पुन्हा तेच. त्याला पैसे देऊ नका.

घ्यायची काय: २.५ इंची साटा एसएसडी, ७ मिमी जाडीची, २४० किंवा २५६ जीबी. तुमच्या कामाला तेवढी पुरते. पीडीएफ आणि फोटो साठवून ठेवत असाल तर ४८०-५०० घ्या. या पिढीच्या स्वस्त लॅपटॉपांत एम.२ची (छोट्या पट्टीसारख्या एसएसडीची) जागा कधी असते, कधी नुसती खोबण असते नि कनेक्टर बसवलेलाच नसतो, कधी असलेली जागा फक्त साटा एम.२ घेते. एनव्हीएमई (एम.२चाच जास्त वेगवान प्रकार) आणून बसली नाही तर पार्सल परत करण्यात आठवडा जाईल. २.५ इंचीची जागा मात्र नक्की आहे, कारण हार्ड डिस्क तिथेच बसली आहे.

एक इशारा. १ टीबी, २ टीबी म्हणून फुकटाच्या भावात मिळणाऱ्या बिननावाच्या एसएसडी घेऊ नका. आत छोटी चिप आणि वर खोटा आकडा असतो. भरत गेलं की जुना माल पुसला जातो. नावाजलेल्या कंपनीची, बिलासकट, किमान तीन वर्षं वॉरंटीची घ्या. आल्याआल्या क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर) चालवा. पॉवर ऑन अवर्स (डिस्क एकूण किती तास चालली) शून्याच्या जवळ दिसले पाहिजेत. शेकड्यात असतील तर वापरलेला माल आहे.

खाडीपलीकडे
चिरेखाणशी सहमत, रॅमबद्दल थोडी भर.

आधी जागा किती ते बघा. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. उजवीकडे खाली स्लॉट्स यूज्ड लिहिलेलं असतं. १ ऑफ २ असेल तर सोन्याहून पिवळं. फॉर्म फॅक्टरसमोर एसओडिम असेल तर रॅमची काडी काढता-घालता येते, रो ऑफ चिप्स असेल तर रॅम बोर्डावर झाळलेली आहे. बऱ्याच लॅपटॉपांत ४ जीबी झाळलेली आणि शेजारी एक रिकामी जागा असते, ते चालतं.

७०२०यू असलेल्या लॅपटॉपात बहुधा डीडीआर४ रॅम असते, पण काहींत आधीच्या पिढीची डीडीआर३एलही आहे, तेव्हा अंदाजाने घेऊ नका. जुन्या काडीवरचं लेबल वाचा: १.२ व्होल्ट असेल तर डीडीआर४, १.३५ असेल तर डीडीआर३एल. दोन्हींची खाच वेगळ्या ठिकाणी असते, जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट जाईल. वेगाची फार काळजी नको. हा प्रोसेसर डीडीआर४ला २१३३ वरच चालवतो. २४००, २६६६ किंवा ३२०० लिहिलेली काडी घातली तरी ती २१३३ वर उतरून चालते.

४ मध्ये ४ मिळवून ८ केलेत की दोन्ही काड्या जोडीने काम करतात आणि तुमच्या कामाला ८ पुरे. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे नव्या काडीपायी बजेट फाटेल असं वाटलं तर जुन्या लॅपटॉपमधून काढलेली ४ जीबीची काडी घ्या. रॅमला एसएसडीसारखी झीज नसते, जुनी चालते. पण घेताना परत घेण्याची बोली करा आणि बसवल्यावर विंडोज मेमरी डायग्नोस्टिक एकदा पूर्ण फिरवा. एक जरी चूक दाखवली तर ती काडी परत. खराब रॅम लगेच बंद पडत नाही, हळूहळू फाइली बिघडवते, आणि तुमच्याकडे लोकांचे कागद आहेत.

नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा स्क्रीन अर्धा-एक मिनिट काळी राहू शकते, बोर्ड तिची ओळख करून घेत असतो. घाबरून लगेच बंद करू नका. दोन मिनिटांनंतरही काळीच असेल तर काडी काढून पुन्हा बसवा. ती सुमारे ३० अंशांत तिरकी आत सरकवायची, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पकडी टक्क वाजल्या पाहिजेत. दहातली आठ प्रकरणं अर्धवट बसलेल्या काडीची असतात.

मिठागर
उघडणार असाल तर समुद्राकाठच्या लॅपटॉपबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण यूट्यूबवरचे व्हिडिओ कोरड्या हवेतल्यांचे असतात.

स्क्रू: आपल्याकडे खालच्या बाजूचे स्क्रू गंजलेले असतात. पीएच-० चा (बारीक फुलीचा) चांगला स्क्रूड्रायव्हर घ्या, वीस रुपयांच्या सेटमधला नको. गंजलेल्या स्क्रूचं डोकं त्याने गोल झालं की पुढे ड्रिलच. अडलेल्या स्क्रूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब टाका, पाच मिनिटं थांबा, आधी किंचित घट्ट दिशेला आणि मग सैल करा. तेलकट स्प्रे आत मारू नका, पोर्टांमध्ये चिकट थर बसतो आणि त्यावर धूळ. रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या कडेला लपलेले स्क्रू असतात. झाकण उचकटायला पातळ प्लास्टिक, जुनं एटीएम कार्डही चालेल. चाकू नको.

झाकण निघालं की पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, दुसरं काम पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरणं. त्यानंतरच बाकीच्याला हात लावा. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आला असेल किंवा झाकण नीट बसत नसेल, तर तिथेच थांबा. ती टोचायची नाही, दाबायची नाही, आधी बदलायची.

हार्ड डिस्क चार स्क्रूंच्या पत्र्यात असते. पत्रा काढून एसएसडीला लावायचा. काही लॅपटॉपांत डिस्क पातळ पट्टीच्या केबलने जोडलेली असते. त्या पट्टीच्या कनेक्टरची काळी पापणी नखाने वर उचलायची, मगच पट्टी ओढायची. पापणी न उचलता ओढली की पट्टी फाटते, आणि ती केबल मिळवायला कोल्हापूर नाहीतर मुंबई. जुनी डिस्क ९.५ मिमीची असेल आणि एसएसडी ७ची, तर एसएसडीसोबत कधी कधी प्लास्टिकची चौकट येते, ती लावा म्हणजे हलणार नाही.

आता खारं वारं. रॅमच्या सोनेरी पट्टीवर, यूएसबीच्या तोंडात, फॅनच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरा थर असेल तर तो गंज आहे. रॅमची पट्टी साध्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने, एकाच दिशेने घासा, चुरा झटका, मग आयसोप्रोपिलने पुसा. मी ९९% वालं म्हणतोय. औषधाच्या दुकानातलं ७०% वालं उरलेलं पाणी आत सोडतं. एवढ्यानेच कधी कधी बंद पडलेली मशीन जागी होते.

फॅन आणि जाळी: रस्त्याकडेच्या दुकानात चिऱ्याची तांबडी धूळ दमट हवेत फॅनच्या जाळीवर लोणच्याच्या खारासारखी घट्ट बसते. फुंकर घालून जात नाही. फॅन काढून मऊ ब्रशने काढा. हवा मारायची तर पात्याला काडी लावून धरा, नाहीतर फॅन उलटा-सुलटा भिरभिरून त्याचा बेअरिंग जातो. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा नको. त्याच्या टाकीत पाणी साठलेलं असतं, पावसाळ्यात तर फारच, आणि हवेबरोबर तेल-पाणी बोर्डावर उडतं.

प्रोसेसर आणि हीट सिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) यांच्यामधली पेस्ट पाच वर्षांहून जुनी असेल तर बदला: प्रोसेसरच्या चकचकीत भागावर साबुदाण्याएवढा थेंब, फासायची गरज नाही, हीट सिंकचे स्क्रू त्यावरच्या आकड्यांच्या क्रमाने थोडे थोडे आवळत जा.

आणखी एक. कामाचा दिवस कोरड्या हवेचा निवडा. धो धो पावसात दार उघडं टाकून मशीन खोलून ठेवू नका. स्थिर विजेची भीती आपल्याकडे कमी असते हे खरं, पण तरी आधी कशातरी लोखंडी वस्तूला हात लावा, मग बोर्डाला.

पिंगुळीचा_पोर
मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे सेलेरॉन एन४०२०, ४ जीबी आणि ६४ जीबी ईएमएमसी आहे, विंडोज ११. सतत जागा संपल्याचा मेसेज. मलाही एसएसडी टाकता येईल का?

चिरेखाण
ईएमएमसी म्हणजे बोर्डावर झाळलेली चिप, ती काढता येत नाही. पण झाकणाखाली रिकामी एम.२ किंवा २.५ इंचीची जागा आहे का ते मॉडेल नंबर टाकून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ. असेल तर तिथे एसएसडी लावून विंडोज तिच्यावर घे, ईएमएमसी साठवणीला ठेव. जागा नसेल तर वनड्राइव्हचं डाउनलोड बंद, स्टोरेज सेन्स (नको असलेल्या फाइली आपोआप काढणारी सोय) चालू, आणि मोठी अपडेट यायच्या आधी १६ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह हाताशी ठेव. इन्स्टॉल करताना विंडोजला जागा अपुरी पडली तर ती बाहेरची ड्राइव्ह मागते. रॅम त्या लॅपटॉपांत बहुधा झाळलेली असते. फक्त ब्राउझर आणि अभ्यास असेल तर लिनक्स मिंटचं (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) एक्सएफसीई हे हलकं रूप बघ.

खाडीपलीकडे
लिनक्सचा विषय निघालाच तर देवगडकरीण ताईंसाठी स्पष्ट सांगतो: तुम्ही तिकडे जाऊ नका. लिनक्स मिंट हलकं आहे, ४ जीबीत नीट चालतं, घरच्या वापराला मी सगळ्यांना तेच सांगेन. पण थम मशीनची आरडी सर्व्हिस (ठसा आधारकडे पाठवणारं सॉफ्टवेअर) बहुतेक कंपन्या विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच देतात. स्कॅनरचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच. गिऱ्हाईक समोर असताना ड्रायव्हर शोधणं परवडणार नाही.

मग विंडोज १०चं काय? मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला त्याचा नेहमीचा आधार थांबवला. वैयक्तिक वापराच्या कॉम्प्युटरसाठी सुरक्षा अपडेटची वाढीव योजना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत आहे. सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये एन्रोलचा दुवा दिसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक ठेवल्या तर पैसे लागत नाहीत. आवृत्ती २२एच२ हवी. लोकांचे आधार आणि बँक पासबुक ज्या मशीनवर येतात तिथे हे टाळू नका.

सागरी_महामार्ग
विंडोज ११ टाका की सरळ. रूफस या फुकट साधनाने पेनड्राइव्ह बनवला तर टीपीएम (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरची अट वगळता येते. सातव्या पिढीच्या आय३वर, एसएसडी आणि ८ जीबी असेल तर व्यवस्थित चालतं.

खाडीपलीकडे
चालतं, नाही म्हणत नाही. पण अधिकृत यादी इंटेलच्या आठव्या पिढीपासून आहे. त्याखालच्या मशीनला पुढचं मोठं अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वेळी पेनड्राइव्ह बनवून हाताने चढवावं लागू शकतं. घरच्या मशीनला ठीक. दुकानाच्या मशीनला हंगामाच्या तोंडावर नको. विमा अर्ज उरकले की मग करा.

सागरी_महामार्ग
हे पटलं. हंगामानंतर.

चिरेखाण
आता क्लोन करायचं की नव्याने विंडोज टाकायची? दोन्हींची बाजू सांगतो.

क्लोन म्हणजे जुनी डिस्क आहे तशी एसएसडीवर उतरवणं. प्रिंटर, आरडी सर्व्हिस, पासवर्ड सगळं जागच्या जागी, दुकान अर्ध्या दिवसात सुरू. पण वर्षानुवर्षांचा कचराही बरोबर येतो. त्यात १ टीबीवरून २४० जीबीवर जायचं म्हणजे वापरलेली जागा २०० जीबीच्या आत आणायला हवी, आणि तुम्ही वापराल ते सॉफ्टवेअर मोठ्यावरून लहानावर उतरवणारं हवं. क्लोनझिला मुळात लहान डिस्कवर जायला नकार देतं. एसएसडी कंपनीचं स्वतःचं फुकट साधन असेल तर ते पार्टिशन आपोआप आखडून घेतं. क्लोनसाठी साटा ते यूएसबी ३ची केबल लागते, पुढे तीच जुन्या डिस्कला उपयोगी पडते. क्लोन झाला की जुनी डिस्क काढूनच पहिल्यांदा सुरू करा, दोन सारख्या डिस्क एकदम दिसल्या की विंडोज गोंधळते. आणि त्याआधी बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या मालाला कुलूप लावणारी सोय) चालू आहे का बघा. चालू असेल तर रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून कागदावर उतरवून घ्या. ती ४८ अंकी असते, एक अंक चुकला तरी दार उघडत नाही.

नव्याने टाकायची तर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि ८ जीबीचा पेनड्राइव्ह. डाउनलोड काही जीबीचं आहे, मोबाइल डेटावर करू नका, फायबर असलेल्या घरी रात्री लावून ठेवा. इन्स्टॉल करताना प्रॉडक्ट की मागितली तर माझ्याकडे नाही असा पर्याय निवडा. मूळ परवाना असलेल्या लॅपटॉपचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, तीच आवृत्ती टाकली, म्हणजे होमला होम, की इंटरनेट मिळाल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होते.

कुठला मार्ग घ्यायचा हे जुन्या डिस्कच्या तब्येतीवर ठरवा. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा आणि ०५, सी५, सी६ या तीन ओळींचे (डिस्कच्या बिघडलेल्या तुकड्यांचे, म्हणजे खराब सेक्टरांचे) रॉ आकडे इथे टाका.

लालमाती
एसएसडी येईपर्यंत आजच करण्यासारखं थोडं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जा. अशा दुकानांच्या मशीनमध्ये हमखास दोन-तीन प्रिंटरांच्या मदतनीस खिडक्या, वनड्राइव्ह, मुदत संपलेला ट्रायल अँटीव्हायरस, आणि जुन्या, आता नसलेल्या थम मशीनची आरडी सर्व्हिस सापडते. ते सगळं डिसेबल. सध्याच्या थम मशीनची आरडी सर्व्हिस तेवढी ठेवा, नाहीतर ई-केवायसीला थम लागणार नाही आणि दोष पोर्टलला द्याल. ट्रायल अँटीव्हायरस नुसता बंद करून भागत नाही, काढून टाका. विंडोजचा डिफेंडर मग आपोआप जागा घेतो. दोन अँटीव्हायरस एकाच फाइलला दोनदा तपासतात, तुमच्या डिस्कला ते झेपणारं नाही.

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्सखाली मेमरी सेव्हर चालू करा. पण अर्ज अर्धवट भरलेला टॅब त्यात झोपू शकतो आणि परत आल्यावर पान पुन्हा लोड होतं, म्हणून तुमच्या नेहमीच्या पोर्टलांचे पत्ते 'कायम चालू ठेवा'च्या यादीत घाला. नोटिफिकेशन देणाऱ्या साइट्स ब्लॉक करा, नको असलेली एक्स्टेन्शन्स काढा.

शटडाउन आणि रीस्टार्टमधला फरकही लक्षात ठेवा. विंडोज १० मध्ये फास्ट स्टार्टअप चालू असतं, शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो, साचलेला गोंधळ दुसऱ्या दिवशी तसाच परत येतो. दिवसाआड एकदा रीस्टार्ट करा.

करू नका ते: रजिस्ट्री क्लीनर, ड्रायव्हर अपडेट करून देणारी फुकट सॉफ्टवेअरं, रॅम बूस्टर. पेजफाइल बंद करू नका, ४ जीबीत ती बंद केली की क्रोम सरळ कोसळेल. एसएसडीला डीफ्रॅग नको. विंडोज तिला ओळखून ट्रिम (रिकाम्या जागांची आवराआवर) करते, फक्त ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्समध्ये प्रकार सॉलिड स्टेट दिसतोय का ते बघा.

देवगडकरीण
सगळ्यांचे आभार. स्टार्टअपमध्ये जुनी आरडी सर्व्हिस खरंच होती, काढली. स्लॉट १ ऑफ २, एसओडिम. डिस्कचा रिस्पॉन्स टाइम ८००-९०० मिलिसेकंद. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं कॉशन दाखवतं. ०५ समोर शेवटी ०, सी५ समोर १०, सी६ समोर १०. बाकी सगळी शून्यं. दहा म्हणजे फार आहे का? आणि एक विचित्र: काल दुपारी सीपीयूचा स्पीड ०.३९ गिगाहर्ट्झवर अडकला होता, चार्जर काढल्यावर ठीक झाला.

चिरेखाण
ताई, ते दहा नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो रॉ आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळावर आधारलेल्या मोजणीत दाखवतं. १० म्हणजे सोळा. मेन्यूतून दशमान निवडता येतं. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघत असलेले सेक्टर. डिस्क त्यांतला एकेक पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, म्हणून रिस्पॉन्स टाइम इतका. संख्या लहान वाटली तरी ही डिस्क भरवशाची राहिलेली नाही.

म्हणून क्लोन रद्द. क्लोन करणारं सॉफ्टवेअर त्या सेक्टरांवर तासन्‌तास अडकेल, आणि डिस्क तेवढ्यात मान टाकू शकते. आजच, दुसरं काही करायच्या आधी, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि तुमचे गिऱ्हाइकांचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या. सर्वांत महत्त्वाचं आधी, पिक्चर-गाणी शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडली तर ती वगळून पुढे जा. रोबोकॉपी (विंडोजमधलं कॉपीचं साधन) वापरणार असाल तर आर आणि डब्ल्यू हे दोन्ही स्विच १वर ठेवा; मुळात तो एका खराब फाइलसाठी दहा लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करतो. चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारं साधन) आत्ता चालवू नका, मरायला टेकलेल्या डिस्कला त्याने जास्त दमवता. क्रोमचे पासवर्ड गूगल खात्यात सिंक आहेत का पाहा. मग एसएसडीवर नव्याने विंडोज. आरडी सर्व्हिस, प्रिंटर, स्कॅनरचे ड्रायव्हर आधीच दुसऱ्या मशीनवरून पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा म्हणजे दुकान एका दिवसात उभं राहील.

मिठागर
०.३९चं मी सांगतो. हा प्रोसेसर मुळात २.३०चा आहे, त्याला टर्बो नाही. ०.३९ म्हणजे कोणीतरी त्याला मुद्दाम दाबून धरलंय, आणि चार्जर काढल्यावर सुटला म्हणजे संशय चार्जरवर. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध बारीक सुई असते, ती चार्जर अस्सल आहे आणि किती वॅटचा आहे ते लॅपटॉपला कळवते. ती वाकली, गंजली किंवा चार्जर नकली असला की लॅपटॉप सावधगिरीने प्रोसेसर गळ्याशी आणतो. पिन आयसोप्रोपिलने पुसा, लेबलवरचे व्होल्ट-वॅट मूळ चार्जरशी जुळतात का बघा. चार्जर लावून बॅटरी वाढतच नसेल तर बहुधा हेच कारण. बॅटरीच बिघडली असली तरी असं होतं, म्हणून झाकण उघडाल तेव्हा ती फुगलीय का बघा.

व्होल्टेज उतरलं म्हणून हे होत नाही. चार्जर १०० ते २४० व्होल्ट घेतो, उन्हाळ्यात १७० वर आलं तरी त्याला फरक पडत नाही, स्टॅबिलायझरवर पैसे घालू नका. वीज कडाडली की मात्र चार्जर भिंतीतून काढा, स्विच बंद करून भागत नाही. आणि अर्थिंगचा तिसरा पाय तोडलेला असेल, किंवा पत्र्याच्या कडेला हात लावल्यावर झिणझिणतं असेल, तर दुकानाचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. थम मशीनही त्याच लाइनवर आहे.

देवगडकरीण
चार्जर बाहेरून घेतलेलाच आहे, लेबलवर मूळपेक्षा कमी वॅट आहेत. आता कळलं. जुनी डिस्क पुढे साठवणीला ठेवू का? १ टीबी आहे, फेकवत नाही.

चिरेखाण
साठवणीला नको, सी५ असलेली डिस्क कशालाच नको. आणि भंगारात तशीच देऊ नका, तिच्यावर लोकांच्या आधारच्या प्रती आहेत. नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केलं तर माल आतच राहतो. यूएसबी केबलने जोडा, क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट लावा, त्यात विंडोज प्रत्येक जागी शून्य लिहिते. १ टीबीला अर्धा दिवस जाईल. मध्येच अडली तर झाकण उघडून आतली तबकडी फोडा. गॉगल किंवा निदान जाड फडकं घ्या, बऱ्याच २.५ इंची डिस्कांची तबकडी काचेची असते आणि तिचे तुकडे उडतात.

देवगडकरीण
बरं. कॉपी लावली आहे, एसएसडी आणि ४ जीबीची काडी सोमवारी कणकवलीहून येतेय.